रक्ताच्या नळीत दाह मोजताना : दात्याच्या निवडीपासून एलायझाच्या आकड्यांपर्यंत

नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत मी दाह या विषयावर काम करते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे, वाशी, नेरूळ आणि पनवेल येथील महाविद्यालयांतून एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पासाठी आमच्याकडे येतात आणि बहुतेकांच्या वाट्याला पहिला प्रयोग तोच येतो : निरोगी माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणात असणारा एलपीएस हा पदार्थ देऊन त्यांना चेतवायचे आणि त्या किती सायटोकाइन (पेशी एकमेकींना इशारा देण्यासाठी सोडतात ती प्रथिने) सोडतात ते एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने, मोजायचे. पद्धत जुनी आणि चांगली रुळलेली आहे. किटसोबतच्या पुस्तिकेत सगळ्या पायऱ्या क्रमाने छापलेल्या असतात. तरीही पहिल्या तीन-चार प्लेटी (नमुने घालायच्या लहान खळग्यांच्या, म्हणजे वेलच्या, तबकड्या) बहुधा वाया जातात, कारण रक्त कोणाचे होते, किती वाजता घेतले होते आणि त्या माणसाला गेल्या महिन्याभरात काय काय झाले होते, याबद्दल पुस्तिका काहीच सांगत नाही. पुढील मजकूर मुख्यतः त्या न छापलेल्या भागाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. दाह ही काळाच्या ओघात घडणारी क्रिया आहे. तिला सुरुवात असते, चढ असतो, कळस असतो आणि सगळे नीट झाले तर शेवटही असतो. एलपीएसचा कण सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) एलबीपी या प्रथिनाला चिकटतो, तेथून मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-१४ या प्रथिनाकडे जातो आणि मग टीएलआर-४ व एमडी-२ या प्रथिनांच्या जोडीकडे सोपवला जातो. टीएलआर-४ हाच एलपीएसचा ग्राहक (त्याला ओळखणारा पेशीवरचा रेणू) आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून दाखवले आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाला वाटा मिळाला. ग्राहक जागा झाला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे जनुके नियंत्रित करणारे प्रथिन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, आयएल-६ या सायटोकाइनांची जनुके चालू होतात. टीएनएफ पहिल्या काही तासांतच शिगेला पोचते. आयएल-६ नंतर सुरू होऊन दिवसभर साठत राहते. आणि या साऱ्याला आवर घालणारे आयएल-१० आणखी उशिरा वर येते. म्हणजे ४ तासांनी काढलेला नमुना आणि २४ तासांनी काढलेला नमुना एकाच क्रियेची दोन वेगळी रूपे दाखवतात. केवळ सोयीचे पडते म्हणून संध्याकाळी एलपीएस देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना काढणाऱ्याने टीएनएफविषयी फार बोलू नये.

दाता कसा निवडावा

प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पिपेट हातात घेण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, असे माझे ठाम मत आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि दात्याची माहितीपूर्ण संमती यांशिवाय रक्ताचा थेंबही घ्यायचा नाही, हे सर्वांना ठाऊक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट सांगितलेले आहे. मात्र संमतीपत्राच्या मराठीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपण 'दाह' हा शब्द शास्त्रीय अर्थाने वापरतो, पण आपल्याकडे दाह म्हटले की माणसाला पोटातली जळजळ, तळपायांची आग किंवा अंगातली उष्णता आठवते. 'आम्ही तुमच्या रक्तातील दाह तपासणार आहोत' असे वाचून एका मावशींनी मला आपण उन्हाळ्यात सब्जा घेतो का नाही, हे सविस्तर सांगितले होते. चूक त्यांची नव्हती, शब्द आम्ही अपुरा वापरला होता. तेव्हापासून आमच्या संमतीपत्रात असे वाक्य आहे : 'जखम झाल्यावर किंवा जंतू शिरल्यावर अंगाला सूज, लाली, गरमपणा आणि दुखणे येते, त्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी जे पदार्थ सोडतात ते आम्ही मोजणार आहोत.' ही चार लक्षणे सुमारे २,००० वर्षांपूर्वी रोमन लेखक सेल्सस याने नोंदवली होती आणि आजही ती कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

संमतीनंतर प्रश्नावली. येथे आमच्याकडून घडलेली एक चूक सांगते. जुलै महिन्यात घेतलेल्या दात्यांपैकी एका तरुणाच्या पेशींनी एलपीएस देऊनही जेमतेम टीएनएफ सोडले. त्याच प्लेटवरच्या बाकीच्या दात्यांचे आकडे व्यवस्थित होते, त्याच्या पेशी जिवंत होत्या, प्रयोग पुन्हा केला तरी तेच. शेवटी त्याला भेटून विचारले तेव्हा कळले, की तीन आठवड्यांपूर्वी तो तापाने रुग्णालयात दाखल होता. आमच्या फॉर्मवर 'सध्या ताप आहे का?' एवढाच प्रश्न होता आणि त्याने प्रामाणिकपणे 'नाही' असे लिहिले होते. एका माणसावरून कारण सिद्ध होत नाही; पण तीव्र संसर्गातून गेलेल्या मोनोसाइट पेशी पुढे काही काळ एलपीएसला मंद प्रतिसाद देतात हे चांगले माहीत असलेले निरीक्षण आहे आणि त्याला एंडोटॉक्सिन टॉलरन्स असे म्हणतात. उलट बाजूही आहे. बीसीजीसारख्या लसीनंतर मोनोसाइट पेशी काही काळ भलत्याच जंतूंनाही अधिक जोरकस प्रतिसाद देऊ शकतात. म्हणजे पेशी मागचे लक्षात ठेवतात आणि आपण विचारले नाही तर ते लक्षात ठेवणे आपल्या आलेखात घुसते.

आपल्या भागात जून ते ऑक्टोबर या काळात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोची साथ असते. साचलेल्या पाण्यातून चालत स्टेशन गाठणारा माणूस स्वतःला निरोगी समजत असतो आणि बहुधा असतोही. पण प्रश्न नेमका विचारायला हवा. गेल्या चार आठवड्यांत एक दिवस तरी ताप आला होता का? लस घेतली का? ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा स्टेरॉइड यांपैकी काही घेतले का? स्टेरॉइड सायटोकाइन दाबतात हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, परंतु ब्रुफेनने टीएनएफ वाढलेलेही दिसू शकते हे पुष्कळांना चकित करते : ते औषध प्रोस्टाग्लँडिन हे दाहातील संदेशवाहक पदार्थ तयार होऊ देत नाही आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ मोनोसाइटमधील टीएनएफला लगाम घालत असते. नुसते 'काही औषध घेता का?' असे विचारल्यावर लोक गुडघेदुखीची गोळी औषधात धरत नाहीत, म्हणून नावे घेऊन विचारावे. सिगारेटबरोबर तंबाखू आणि मिश्री हे शब्दही फॉर्मवर हवेत. हिरड्यांतून रक्त येते का, हेही विचारावे, कारण हिरड्यांचा जुना विकार रक्तातील सीआरपी (दाहात वाढणारे एक प्रथिन) थोडा चढा ठेवू शकतो.

आणखी एक प्रश्न या शहरासाठी खास महत्त्वाचा आहे : रात्रपाळी करता का? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात रात्रभर जागे राहून काम करणारे हजारो लोक आहेत आणि सकाळी घरी जाता जाता रक्त द्यायला तयार होणारेही तेच असतात. रक्तातील कॉर्टिसॉल हे दाह दाबणारे संप्रेरक सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते; कॉर्टिसॉल चढते तेव्हा एलपीएसला मिळणारा सायटोकाइनचा प्रतिसाद उतरतो. ज्याची रात्र आणि दिवस उलटे झाले आहेत त्याचे सकाळी ९ वाजताचे रक्त इतरांच्या सकाळी ९ च्या रक्ताशी जुळेलच असे नाही. आम्ही सर्व दात्यांचे रक्त सकाळी ९ ते १० या वेळेतच घेतो आणि रात्रपाळीच्या दात्यांचा वेगळा गट करतो. त्यांना वगळून टाकणे सोपे आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. त्या लोकांच्या दाहाविषयीही कोणाला तरी कळायला हवे.

प्रत्येक दात्याच्या रक्तातून एक लहान नळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपीसाठी वेगळी काढावी. सीआरपी हे यकृतात आयएल-६ च्या आज्ञेवरून बनणारे प्रथिन आहे. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लावला. त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्याने दाह ओसरला की तेही लवकर उतरते, म्हणून 'आज शरीरात काही चालू आहे का' या प्रश्नासाठी ते ईएसआरपेक्षा (तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाच्या चाचणीपेक्षा) अधिक उपयोगी पडते. लीटरमागे १० मिलीग्रॅमपेक्षा जास्त सीआरपी असलेल्या दात्याला आम्ही निरोगी गटात धरत नाही.

रक्त आणणे

पेशींच्या कार्याची चाचणी करायची असेल तर हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी वापरावी. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते आणि पेशींच्या अनेक क्रियांना कॅल्शियम लागते. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी, झटके देऊ नयेत.

पुढचा प्रश्न प्रवासाचा. दाता ठाण्यात आणि प्रयोगशाळा खारघरच्या बाजूला असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने येताना वाहतुकीत तास-दीड तास सहज जातो. रक्त बर्फात ठेवून आणण्याची अनेकांना सवय असते. या प्रयोगासाठी ती मोडावी. रक्त थंड झाले किंवा फार वेळ पडून राहिले तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची घनता बदलते आणि ज्या थरात त्या यायला नकोत त्या थरात येऊन बसतात. पुस्तिकेत 'रूम टेंपरेचर' लिहिलेले असते, त्याचा अर्थ २० ते २५ अंश सेल्सिअस असा आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीतील तापमान कोणत्याही अर्थाने खोलीचे तापमान नव्हे. थर्माकोलच्या पेटीत बर्फाशिवाय, आदल्या रात्री वातानुकूलित खोलीत ठेवलेली जेलची पाकिटे घालून नळ्या उभ्या आणाव्यात आणि रक्त काढल्याची व टेबलावर पोचल्याची अशा दोन्ही वेळा वहीत लिहाव्यात. चार तासांच्या आत काम सुरू व्हायला हवे. जमल्यास ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने येणे चांगले, कारण तिच्या वेळेचा अंदाज बांधता येतो.

पेशी वेगळ्या काढणे

रक्त हाताळणाऱ्याने हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण केलेले असावेत आणि सर्व काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करावे. १० मिली रक्तात तेवढेच पीबीएस (क्षारांचे सौम्य द्रावण) मिसळावे. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फिकॉल हे जड द्रावण आधी घालावे. फिकॉलची घनता मिलीलीटरमागे १.०७७ ग्रॅम असते. लिंफोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्याहून हलक्या, तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिल त्याहून जड, एवढ्या एका फरकावर ही सारी पद्धत उभी आहे. १९६८ मध्ये नॉर्वेच्या आर्ने ब्यॉयुम यांनी ती बसवून दिली. फिकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरू नये, कारण थंड असताना त्याची घनता बदललेली असते.

आता रक्त फिकॉलवर चढवायचे. हे एकदा शेजारी बसून पाहिल्याशिवाय हाताला येत नाही, तरी सांगण्याचा प्रयत्न करते. नळी ४५ अंशांत तिरकी धरावी, पिपेटचे टोक फिकॉलच्या पातळीच्या थोडे वर काचेला टेकवावे आणि रक्त इतक्या सावकाश सोडावे की ते भिंतीवरून ओघळत येऊन पृष्ठभागावर पसरेल. पहिले दोन मिली जपून गेले की पुढचे आपोआप नीट बसते. वर गर्द लाल, खाली नितळ पारदर्शक आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली पाहिजे. खाली लाल धूर उतरताना दिसला तर हात घाईत आहे असे समजावे. नळी तशीच तिरकी ठेवून सेंट्रिफ्यूजपर्यंत चालत जावे.

४०० जी, ३० मिनिटे, २० अंश, आणि ब्रेक पूर्ण बंद. 'जी' (गुरुत्वाच्या किती पट बल) आणि 'आरपीएम' (मिनिटाला किती फेरे) यांची गल्लत करू नये : १६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर ४०० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १,५०० फेरे, तर २० सेंमीच्या रोटरवर सुमारे १,३४० फेरेच. दुसऱ्या यंत्रावरचा आकडा तसाच उतरवून घेतला की थर बिघडतात. ब्रेक चालू राहिला तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे थर एकमेकांत मिसळतात आणि सकाळपासूनची मेहनत गढूळ पाणी होऊन बाहेर येते.

नळी बाहेर काढल्यावर तळाशी तांबडा गाळ, त्यावर फिकॉल, सर्वांत वर पिवळसर प्लाझ्मा, आणि प्लाझ्मा व फिकॉल यांच्या सीमेवर दुधावरच्या पातळ सायीसारखे धुरकट पांढरे कडे दिसते. आपल्याला हवे ते हेच : लिंफोसाइट आणि मोनोसाइट, म्हणजे मोनोन्यूक्लिअर पेशी. पाश्चर पिपेटचे टोक कड्याच्या पातळीवर ठेवून भिंतीलगत गोल फिरवत ते ओढून घ्यावे. खालचे फिकॉल कमीत कमी यावे, कारण जास्त आले तर पुढच्या धुण्यात पेशी खाली बसत नाहीत. पीबीएसने दोनदा धुवावे, पहिल्यांदा ३०० जी आणि दुसऱ्यांदा २०० जी, म्हणजे प्लेटलेट वर तरंगत राहून निघून जातात. मेलेल्या पेशींना रंगवणारे ट्रिपॅन ब्लू घालून मोजणी करावी. १० मिली रक्तातून साधारण १ कोटी पेशी मिळतात आणि त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असाव्यात.

येथे एक मर्यादा वहीत लिहून ठेवावी. दाहाच्या जागी सर्वांत आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी या पद्धतीत तळाच्या गाळाबरोबर फेकल्या जातात. म्हणून या प्रयोगावरून 'दाह कमी झाला' असे लिहिता येत नाही; 'एलपीएसने चेतवलेल्या रक्तातील मोनोन्यूक्लिअर पेशींनी कमी टीएनएफ सोडले' एवढेच लिहिता येते.

चेतवणे, आणि न चेतवता चेतलेल्या पेशी

आरपीएमआय-१६४० या पेशींना पोसणाऱ्या माध्यमात १० टक्के सीरम घालून ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला २०० मायक्रोलीटरमध्ये २ लाख पेशी ठेवाव्यात. सीरम वगळू नये. एलपीएस कमी मात्रेत असताना एलबीपीशिवाय प्रतिसाद फिका पडतो. शुद्धीकरण केलेलेच एलपीएस घ्यावे, कारण साध्या एलपीएसमधील लिपोप्रोटीन टीएलआर-२ मार्फत वेगळाच प्रतिसाद देतात. मात्रा एकच न ठेवता ०.१, १, १० आणि १०० नॅनोग्रॅम प्रति मिली अशी चढती ठेवावी. मूळ द्रावण वापरण्याआधी दर वेळी चांगले व्होर्टेक्स करावे, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळावे. एलपीएस प्लास्टिकला चिकटून बसते आणि न हलवता घेतलेल्या थेंबात ते असेलच याची खात्री नसते. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन जास्त होते, म्हणून तेथे पेशी न ठेवता नुसते पीबीएस भरावे.

काहीही न दिलेल्या पेशींचा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) हा या प्रयोगाचा खरा पहारेकरी आहे. एका वर्षी आमच्या सलग पाच प्लेटींत त्या कंट्रोलच्या पेशीही भरपूर आयएल-६ सोडत होत्या. सीरम बदलले, माध्यम बदलले, दात्यांवर संशय घेतला. तीन आठवड्यांनी मूळ सापडले ते पीबीएसच्या बाटलीत. ते पीबीएस ज्या पाण्यात केले होते ते पाणी शनिवार-रविवार टाकीत तसेच राहिले होते. त्यात वाढलेले जिवाणू ऑटोक्लेव्हने मारले, पण १२१ अंशांच्या वाफेत एलपीएस नष्ट होत नाही. द्रावण निर्जंतुक होते, एलपीएसमुक्त नव्हते. मोनोसाइट पेशी मिलीलीटरमागे १ नॅनोग्रॅमच्या कितीतरी खाली असलेले एलपीएसही ओळखतात. त्या दिवसापासून आम्ही पेशींना लागणारे प्रत्येक द्रावण एंडोटॉक्सिनमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच घेतो, काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत ३० मिनिटे ठेवतो आणि संशय आला की लिम्युलस या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींवर आधारलेली एलएएल चाचणी करतो. प्लेटवर 'एलपीएस अधिक पॉलिमिक्सिन-बी' असाही एक कंट्रोल ठेवतो. पॉलिमिक्सिन एलपीएसला बांधून ठेवते, त्यामुळे प्रतिसाद एलपीएसचाच आहे का, हे कळते.

विद्यार्थ्यांना हळद, तुळस, गुळवेल यांच्या अर्काने दाह कमी होतो का, हे पाहायचे असते. इच्छा रास्त आहे आणि मी कोणाला अडवत नाही. मात्र या प्रयोगात खड्डे जास्त आहेत. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले हळकुंड मातीतून आलेले असते, मातीतील जिवाणूंचे एलपीएस त्याच्यावर असते आणि ते अर्कात उतरते; म्हणजे दाह शमवणारा म्हणून दिलेला अर्क स्वतःच पेशींना चेतवू शकतो. दुसरे म्हणजे अर्काने पेशी मेल्या तरी टीएनएफ कमीच दिसते. म्हणून प्रत्येक मात्रेला किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजलेच पाहिजे, आणि तेही एकट्या एमटीटी या रंगावर आधारलेल्या चाचणीवर विसंबून नव्हे, कारण हळदीसारख्या रंगीत अर्काचा रंग आणि त्यातील क्षपणकारी घटक त्या चाचणीत ढवळाढवळ करतात. ट्रिपॅन ब्लूची मोजणी किंवा एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारे प्रथिन) चाचणी जोडीला असावी. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर तेवढेच डीएमएसओ घातलेला कंट्रोल हवा, आणि दाह दाबणाऱ्या माहितीतल्या औषधाचा, म्हणजे डेक्सामेथासोनचा कंट्रोलही हवा. डेक्सामेथासोननेही टीएनएफ खाली आले नाही तर त्या दिवशीच्या प्लेटवरून हळदीबद्दल काहीच म्हणू नये.

नमुने ४, ८ आणि २४ तासांनी काढावेत, आणि प्रत्येक वेळेसाठी वेगळे वेल ठेवावेत. प्लेट ३०० जीवर पाच मिनिटे फिरवून वरचे १५० मायक्रोलीटर तळाला धक्का न लावता घ्यावे, तीन लहान नळ्यांत वाटावे आणि उणे ८० अंशांवर ठेवावे. एक नळी एकदाच वितळवायची.

एलायझा

एंगवाल आणि पर्लमन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचे सँडविच रूप आपण वापरतो : तळाला एक प्रतिपिंड, त्याने पकडलेले सायटोकाइन, त्यावर दुसरे प्रतिपिंड आणि त्याला जोडलेले विकर (एन्झाइम). पायऱ्या किटप्रमाणे कराव्यात. धुण्यात मात्र कंजुषी करू नये आणि धुऊन झाल्यावर प्लेट टिश्यूपेपरवर उलटी आपटून शेवटचा थेंबही काढावा. पिपेट दर सहा महिन्यांनी प्रमाणित करून घ्यावे. दमट हवेत त्यांच्या सीलची हमी देता येत नाही.

टीएमबी हे विकरामुळे निळे होणारे द्रव्य घातल्यावर घड्याळ लावून प्लेटसमोर बसून राहावे. दोन-तीन मिनिटांत सर्वांत तीव्र स्टँडर्डच्या (सायटोकाइनचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाच्या) वेलमध्ये आकाशी छटा उमटते, मग त्याच्या शेजारी, मग त्याच्याही शेजारी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. नमुन्यांचे वेल त्याच वेळी आपापल्या रंगाला येत असतात. ब्लँकमध्ये (सायटोकाइन नसलेल्या वेलमध्ये) निळसर झाक दिसण्यापूर्वी आम्ल घालून क्रिया थांबवावी. निळा रंग क्षणात पिवळा होतो. वाचन ४५० नॅनोमीटरवर घ्यावे आणि ५७० वरचे वजा करावे. आम्ल ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने घालायचे तो क्रम आणि वेग टीएमबी घालतानाचाच असावा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या रांगेत निव्वळ वेळेचा फरक मोजला जातो.

एलपीएस दिलेल्या नमुन्यांत आयएल-६ इतके असते की ते न विरळ करता घातले तर स्टँडर्डच्या टोकाबाहेर जाते. अशा वेळी सॉफ्टवेअर एखादा आकडा देतेच. तो वापरू नये. नमुना १० पट, ५० पट विरळ करून पाहावा आणि दोन्हींवरून येणारे मूळ प्रमाण जुळते का, ते तपासावे. स्टँडर्डचा वक्र चार घटकांच्या समीकरणाने काढावा, सरळ रेषेने नव्हे.

आकडे

एका दात्याच्या पेशी तीन वेलमध्ये ठेवल्या म्हणून तीन नमुने होत नाहीत. त्या तीन वेलमधील फरक आपल्या हाताचा फरक असतो. माणसामाणसांतील फरक त्यात नसतो. वेलची सरासरी काढून प्रत्येक दात्याचा एक आकडा करावा आणि दात्यांची संख्या हीच नमुन्यांची संख्या धरावी. प्रकल्पाच्या अहवालांत मला सर्वाधिक वेळा हीच चूक दिसते आणि ती केलेल्या अहवालातील सगळी सांख्यिकी निरुपयोगी ठरते. एकाच माणसाच्या एलपीएस न दिलेल्या आणि दिलेल्या पेशींची तुलना जोडीने करावी, आकड्यांचा लॉग घ्यावा आणि आलेखात सरासरीचे खांब उभे करण्याऐवजी प्रत्येक दात्याची रेष वेगळी दाखवावी. मग एखादी आडवी गेलेली रेष दिसते आणि 'याला ताप येऊन गेला होता का?' हे विचारायचे सुचते. विचित्र आकडा वगळायचा असेल तर वगळण्याचा नियम प्रयोगापूर्वी वहीत लिहिलेला असावा. आकडा पाहून केलेला नियम नियम नसतो.

वेळेची नोंद हा विषय मी वारंवार काढते, त्याला मुंबईतलेच एक उदाहरण आहे. प्लेगच्या साथीत जिवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर आलेला ताप आणि टोचल्या जागेचे दुखणे ही त्यांची मापे होती. त्यांच्याकडे एलायझा नव्हती. ताप केव्हा चढला आणि केव्हा उतरला, एवढे पाहणे मात्र त्यांच्या हाती होते.

रक्त लागलेले प्लास्टिक आणि उरलेले नमुने २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे आधी निर्जंतुक करून मगच ठरलेल्या रंगाच्या पिशवीत टाकावेत, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. शेवटचे काम दात्याकडे परत जाण्याचे असते आणि ते बहुतेक जण विसरतात. त्याचा सीबीसी आणि सीआरपी आपल्याकडे पडून असतो. संमतीपत्रात 'निष्कर्ष कळवावेत' यावर त्याने खूण केली असेल तर आठवड्याच्या आत तो कागद त्याला द्यावा, फोनवरून न सांगता शक्यतो हातात द्यावा, आणि सीआरपी चढा असेल तर स्वतः निदान न करता डॉक्टरांना दाखवायला सांगावे. गेल्या हिवाळ्यात एका दात्याचा सीआरपी १४ आला होता. ताप नाही, खोकला नाही, तो म्हणत होता मी ठणठणीत आहे. मी कागद दिला तेव्हा त्याने सहज विचारले, की दाढ दुखते आहे, तिचा काही संबंध असेल का. आता आमच्या फॉर्मवर हिरड्यांच्या प्रश्नाखाली दाढेचाही प्रश्न आहे.